मोटरची नाडीपरीक्षा

आपल्या मंडळात इंजिनिअरांची वाण नाही. तेव्हा इंडक्शन मोटर म्हणजे काय, हे नव्याने सांगायला नको. कारखान्यातला कॉम्प्रेसर असो की गावाकडच्या विहिरीवरचा पंप, जातकुळी तीच. मोटर बिघडली की उघडून बघायची, ही जुनी रीत. पण ती न थांबवता दुखणे ओळखता आले तर?

वैद्यबुवा नाडी पाहतात, तसा येथे पॅनेलमधल्या वायरला क्लॅम्प लावून करंट पाहतात. ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या अणुवीज केंद्रांमधील मोटरचलित व्हॉल्व्हसाठी ही पद्धत विकसित केली.

उदाहरण घेऊ. इथल्या ६० हर्ट्झवर चार पोलच्या मोटरचे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १८०० फेरे फिरते. रोटर थोडा मागे, समजा १७५० फेरे. हा फरक म्हणजे स्लिप, सुमारे २.८ टक्के. रोटरची सळी तुटली, की करंटच्या आलेखात ६०च्या दोन्ही बाजूंना, स्लिपच्या दुपटीइतक्या अंतरावर, म्हणजे अंदाजे ५६.७ आणि ६३.३ हर्ट्झवर, छोटे उंचवटे दिसू लागतात.

बेअरिंगच्या बिघाडाची खूण मात्र फार पुसट. शिवाय भार झटके देणारा असेल, तर निरोगी मोटरही असे उंचवटे दाखवते. म्हणून आता हे काम मशीन लर्निंगकडे आले आहे: संगणकाला निरोगी आणि आजारी मोटरींचे असंख्य नमुने दाखवायचे आणि फरक त्यालाच शोधू द्यायचा.

मेख इथेच आहे. खरे आजारी नमुने आणायचे कुठून? प्रयोगशाळेत मग मुद्दाम भोक पाडून बिघाड करतात. जर्मनीतील पाडरबॉर्न विद्यापीठाने २०१६ साली ३२ बेअरिंग तपासली: ६ निरोगी, १२ मुद्दाम खराब केलेली, १४ चालवून झिजवलेली. मुद्दाम केलेल्या बिघाडांवर शिकलेला संगणक खऱ्या झिजेपुढे पुष्कळ अधिक चुकला.

तेव्हा मंडळी, कोणी ‘९९ टक्के अचूक’ यंत्र विकायला आला, तर एवढेच विचारा: शिकवणी आणि परीक्षा एकाच मोटरवर झाली का? दोनदा खोटी सूचना मिळाली, की तिसऱ्या खऱ्या सूचनेकडे कोणी बघत नाही. आणि नवी मोटर बसवाल, तेव्हा नेहमीच्या भारावरच्या करंटची नोंद जरूर ठेवा. निरोगी नाडी ठाऊक असेल, तरच आजारी नाडी कळते.