साडेसात सूत आणि दहा सूत

चार इंची पाइपाचे दोन फ्लँज टेबलावर शेजारी ठेवले, तर पहिल्या नजरेला सख्खे भाऊ वाटतात. दोघांनाही आठ भोकं. कॅलिपर लावला की फरक कळतो. एकाची जाडी साडेसात सूत, म्हणजे सुमारे 24 मिलिमीटर. दुसऱ्याची दहा सूत, सुमारे 32. एकाला पाच सुती बोल्ट, दुसऱ्याला सहा सुती. काठावर एकाच्या 150 कोरलेलं, दुसऱ्याच्या 300.

हे आकडे अमेरिकेच्या 'एएसएमई बी 16.5' या मानकातले क्लास आहेत. 1927 साली तात्पुरतं म्हणून निघालेलं हे मानक आज अर्धा ते 24 इंची फ्लँजची मापं ठरवतं. क्लास सात: 150, 300, 400, 600, 900, 1500 आणि 2500. पाइपाचा आकार आणि क्लास ठरला की जाडी, बोल्ट आणि भोकांचं वर्तुळ आपोआप ठरतं. जाडी वेगळी निवडायची नसते. निवडायचा असतो क्लास.

मोठी गफलत इथेच होते. 150 म्हणजे 150 पौंड दाब नव्हे. ए 105 या घडीव पोलादाचा क्लास 150 फ्लँज 38 अंश सेल्सिअसपर्यंत 19.6 बार दाब घेतो. पोलाद तापलं की ही ताकद उतरते: 200 अंशांना 13.8 बार, 300 अंशांना 10.2, 400 अंशांना जेमतेम 6.5.

समजा, एखाद्या साखर कारखान्यात 15 बारची संपृक्त वाफ न्यायची आहे. 19.6 हा आकडा पाहून क्लास 150 लावावासा वाटतो. पण 15 बारच्या वाफेचं तापमान 201 अंश असतं आणि तिथे हा फ्लँज पंधरा बारला पुरत नाही. वाईट म्हणजे चाचणीत हे उघडं पडत नाही. लाइनीत थंड पाणी भरून दीडपट, म्हणजे साडेबावीस बार दाब दिला, तरी फ्लँज निमूट उभा राहतो, कारण पाणी थंड असतं. इथे क्लास 300 हवा. तो 200 अंशांनाही 43.8 बार घेतो.

मग जाडी नेमकी कशासाठी? फ्लँज फुटण्याआधी वाकतो. बोल्ट बाहेरच्या वर्तुळावर, पॅकिंग आत; बोल्ट आवळले की फ्लँज बशीसारखा मुरडू पाहतो आणि पॅकिंगवरची पकड सैल पडते. नुसत्या चकतीचा हिशेब केला, तर ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणून साडेसात सुतांवरून दहा सुतांवर गेलं, की तो सुमारे 2.4 पट होतो. पातळ प्लेट कापून केलेल्या फ्लँजवर नवं पॅकिंग आणि लांब पाना कितीही चालवा, गळती थांबत नाही. उलट जास्त आवळल्याने तो जास्तच वाकतो.

माप घेतानाही एक मेख आहे. पॅकिंग बसतं तो उंचवटा क्लास 150 आणि 300 मध्ये 2 मिलिमीटरचा असतो आणि तो जाडीत धरलेला असतो. 400 पासून पुढे तो 7 मिलिमीटरचा होतो आणि जाडीच्या बाहेर मोजतात. हे विसरलं की चांगला फ्लँज जाड वाटतो आणि पातळ फ्लँज बरोबर.

जुन्या कारखान्यांत ब्रिटिश 'टेबल ई'चे फ्लँजही भेटतात. चार इंचीच्या भोकांचं वर्तुळ तिथे 178 मिलिमीटर, क्लास 150 चं 190. बसत नाही म्हणून गॅस कटरने भोकं लांबवणं हा उपाय नव्हे. त्याने बोल्टखालची बैठकच जाते.

जाणता फिटर म्हणूनच पान्याआधी वायर ब्रश हातात घेतो. काठावरचा गंज घासतो. आकार, क्लास, धातू वाचतो आणि मग वाफ किती अंशांची ते विचारतो. दाब प्रत्येकाला आठवतो. तापमान विचारणाऱ्याचाच सांधा टिकतो.