लांबच्या सहलीला मोटार की विमान?

महाराष्ट्रातील सामान्य कुटुंबाला एका पिढीपूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण लांबचा प्रवास म्हणजे रेल्वे हे जवळपास ठरलेले असे. आता परिस्थिती बदलली आहे. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण लांबीने खुला झाला, गोव्यात मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली, नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी उघडला, आणि दारात स्वतःची मोटार असणारी कुटुंबेही पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली. त्यामुळे दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की गाडी काढावी की विमानाची तिकिटे काढावीत, यावर घरोघरी खल सुरू होतो. त्याचा निकाल बहुधा पेट्रोलचा खर्च आणि तिकिटांची रक्कम यांच्या तुलनेवर लागतो, आणि नेमकी हीच तुलना अपुरी असते; कारण सुट्टीचे किती दिवस रस्त्यावर जाणार आणि गाडी कोण, किती तास चालवणार, हे दोन अधिक महत्त्वाचे प्रश्न तीत येतच नाहीत.

उदाहरणासाठी पुण्यातील चौघांचे कुटुंब आणि केरळची सहल घेता येईल. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी आणि चित्रदुर्ग करत बंगळूर सुमारे ८४० किलोमीटरवर आहे आणि तेथून सेलम, कोईमतूर, पालक्काड या मार्गाने कोची गाठेपर्यंत एकूण अंतर साधारण १,४०० किलोमीटर होते. जाण्यायेण्याचे २,८०० आणि केरळातील फिरण्याचे ५०० असे ३,३०० किलोमीटर धरले, गाडी लिटरमागे १५ किलोमीटर जाते असे मानले आणि हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये घेतला, तर इंधनाचे २२,००० रुपये होतात. कुटुंबाचा हिशेब बहुतेक वेळा येथेच थांबतो. प्रत्यक्षात जाताना आणि येताना वाटेत एकेक रात्र मुक्काम करावा लागतो, त्याचे भाडे आणि वाटेतील जेवणखाण यांचा खर्च वेगळा असतो, टोल असतो आणि गाडीची झीजही असते. चार टायरांचा संच २४,००० रुपयांना येतो आणि ४०,००० किलोमीटर चालतो असे धरले, तर केवळ टायरांपोटी दर किलोमीटरला ६० पैसे, म्हणजे या एका सहलीत सुमारे २,००० रुपये खर्ची पडतात. ते त्या आठवड्यात खिशातून जात नाहीत, इतकेच. अशा रीतीने मोटारीचा खरा खर्च पस्तीस ते चाळीस हजारांच्या घरात जातो.

विमानाच्या बाजूने एका वेळच्या प्रवासाचे माणशी ५,००० रुपये धरले, तर चौघांच्या जाण्यायेण्याचे ४०,००० होतात आणि केरळात फिरण्यासाठी भाड्याची गाडी घ्यावी लागते, तिचे आणखी वीस-पंचवीस हजार. पैशांपुरते पाहिले तर चौघांसाठी मोटार स्पष्टपणे स्वस्त पडते, पण त्याच हिशेबात दोघेच जाणार असतील, तर दोन्ही खर्च जवळजवळ एका पातळीवर येतात. याचे कारण असे, की मोटारीचा प्रवासखर्च माणसे वाढली तरी फारसा वाढत नाही, विमानाचा मात्र डोईमागे वाढत जातो. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही बहुतेक भारतीय विमान कंपन्यांत स्वतंत्र आसन आणि जवळपास पूर्ण भाडे लागते. दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसवून थोड्या शुल्कात नेता येते. म्हणून आजी-आजोबांसह सहा-सात जणांनी निघायचे असेल, तर सात आसनी गाडीशी पैशाच्या बाबतीत विमान बरोबरी करू शकत नाही.

विमानाचे भाडे आधी सांगता येत नाही, ही आणखी एक अडचण असते. देशातील विमानभाडी सरकार ठरवत नाही. १९९४ मध्ये हवाई वाहतुकीवरील सरकारी मक्तेदारी कायद्याने संपली आणि भाड्याचा निर्णय कंपन्यांकडे गेला. एकाच विमानातील एकसारखी आसने कंपन्या वेगवेगळ्या भाडेगटांत विभागतात, स्वस्त गटातील आसने संपली की पुढचा महाग गट उघडतो, आणि मागणी पाहून प्रत्येक गटात किती आसने ठेवायची हे रोज बदलले जाते. शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी निरनिराळे पैसे मोजलेले असतात ते यामुळे. शाळांच्या सुट्ट्या आणि सणांचे दिवस कंपन्यांना ठाऊकच असतात. त्यामुळे ज्यांच्या तारखा मुलांच्या परीक्षांनी बांधलेल्या आहेत, त्यांनी तिकिटे दोन-तीन महिने आधी काढावीत आणि शक्य असल्यास शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. सामानाचे बंधनही लक्षात ठेवावे लागते. देशांतर्गत प्रवासात साधारणपणे माणशी १५ किलो सामान विमानाच्या पोटात आणि ७ किलो सोबत नेता येते आणि त्यावरच्या प्रत्येक किलोला वेगळे पैसे पडतात.

वेळेच्या हिशेबात विमानाला अवास्तव श्रेय मिळते. पुण्याहून कोचीला थेट विमान मिळाले, तर उड्डाण दोन तासांच्या आसपासचे असते. पण घरापासून विमानतळापर्यंत एक तास, उड्डाणाच्या दोन तास आधीची हजेरी, उतरल्यावर सामानाची वाट पाहणे, आणि कोचीच्या विमानतळापासून मुन्नारपर्यंतचा घाटाचा चार तासांचा रस्ता, असे सगळे मोजले तर घर ते हॉटेल हा प्रवास नऊ-दहा तासांचा होतो. म्हणजेच विमानाने जायचे म्हटले तरी सुट्टीचा एक दिवस पुरता जातो. मोटारीने मात्र जाताना दोन आणि येताना दोन असे चार दिवस जातात. नऊ दिवसांच्या सुट्टीत मोटारीने गेलेल्या कुटुंबाच्या हाती केरळात पाच दिवस उरतात, विमानाने गेलेल्यांच्या हाती सात. वाचलेले वीस ते तीस हजार रुपये हे त्या दोन दिवसांचे मोल आहे असे मानले, तर निर्णय अधिक स्वच्छपणे घेता येतो. विमानाची आणखी एक सोय अशी, की कोचीला उतरून तिरुवनंतपुरमहून परतता येते आणि आलेल्या वाटेने पुन्हा मागे जावे लागत नाही; स्वतःची गाडी नेली, की ती परत आणावीच लागते.

या सर्वांहून गंभीर बाब गाडी चालवणाऱ्याची आहे, आणि घरच्या चर्चेत तिला सर्वांत कमी जागा मिळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. आपल्याकडे मोठ्या प्रवासाला रात्री निघण्याची पद्धत आहे. रस्ता मोकळा मिळतो, मुले झोपून जातात आणि उजाडेपर्यंत निम्मे अंतर कापले जाते, असे त्यामागचे गणित असते. शरीराच्या दृष्टीने हे गणित चुकीचे आहे. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रयोगाने दाखवले. भारतात वाहनचालकासाठी मद्याची कायदेशीर मर्यादा त्याहून कमी, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठून, दिवसभर कचेरीत काम करून, रात्री दहाला पुण्याहून निघालेला गृहस्थ साताऱ्याला पोचण्याआधीच या टप्प्यावर आलेला असतो आणि पुढे मध्यरात्र ते पहाट हा झोपेचा सर्वांत दाट काळ त्याची वाट पाहत असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. तीन सेकंदांची डुलकी लागली, तर ऐंशीहून अधिक मीटर अंतर ती कोणाच्याही ताब्याशिवाय कापते. समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी महामार्गांवर हा धोका वाढतो, कारण तेथे चालकाला जागे ठेवणारे वळण, सिग्नल किंवा गाव फार काळ येतच नाही.

व्यावसायिक चालकांसाठी कायद्याने मर्यादा घालून दिल्या आहेत. नोव्हेंबर २०२५ पर्यंत अमलात असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमात, ज्या वाहतूक व्यवसायांना तो लागू होता त्यांतील चालकाचे काम सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांहून अधिक असू नये आणि सलग पाच तासांनंतर त्याला निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, अशी तरतूद होती. वैमानिकांच्या बाबतीत नियम आणखी कडक आहेत. त्यांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नवे नियम २०२५ मध्ये लागू झाले, आणि डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात या नियमांनुसार पुरेसे वैमानिक नसल्याने देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द होऊन प्रवाशांचे अतोनात हाल झाले. ते हाल खरे होते, पण दमलेल्या वैमानिकाला विमान उडवू न देणे हेही योग्यच होते. आपल्या बायकामुलांना घेऊन निघालेल्या गृहस्थाला मात्र असा कोणताही नियम थांबवत नाही. म्हणून कायद्यातील तीच मर्यादा कुटुंबाने स्वतःला लावून घ्यावी. एकच चालक असेल, तर दिवसाउजेडी आठ तास, म्हणजे चांगल्या महामार्गावर पाचशे ते सहाशे किलोमीटर, ही एका दिवसाची हद्द समजावी. पुण्याहून गोवा किंवा मुंबईहून औरंगाबाद, अर्थात आजचे छत्रपती संभाजीनगर, या हद्दीत बसते. केरळ किंवा राजस्थान बसत नाही. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावलाच पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात प्राण गमावलेले उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या आसनावर पट्ट्याविना बसलेले होते. चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा बालआसन यांशिवाय नेणे २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार दंडनीय आहे.

वृद्धांसाठी विमान नेहमीच सुखाचे असते, असेही नाही. उडत्या विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका, म्हणजे कळसूबाईच्या शिखरावरील दाबाहूनही कमी असतो, त्यामुळे हृदयाचे किंवा फुप्फुसाचे दुखणे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढावे. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून राहिल्यास पायांच्या नसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मोटारीत आणि विमानात सारखाच वाढतो. मोटारीत फरक एवढाच, की मनात येईल तेथे थांबून चार पावले चालता येते. हळू जाण्याचा फायदा लडाखच्या प्रवासात स्पष्ट दिसतो. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहला थेट विमानाने उतरणाऱ्यांना विरळ हवेचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते. श्रीनगरपर्यंत विमानाने जाऊन तेथून कारगिलला मुक्काम करत रस्त्याने वर गेल्यास शरीराला जुळवून घ्यायला अवधी मिळतो.

रस्ता हाच सहलीचा भाग असेल, तेव्हा मोटारीला तोड नाही. पुण्याहून दक्षिणेकडे निघालेल्या कुटुंबाला केरळची घाई नसेल, तर हुबळीपासून बदामी आणि हंपी, पुढे चित्रदुर्गचा किल्ला, मग बेलूर आणि हळेबीड, अशी आठवडाभराची संपन्न वाट त्याच्यासमोर आहे, आणि ती पाहायला विमान उपयोगाचे नाही. कोकणाचेही तसेच आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून रखडत चालले असले, तरी ज्यांना वाटेत चिपळूण, गणपतीपुळे, मालवण करायचे आहे त्यांना गाडीशिवाय पर्याय नाही. ज्यांना गाडी हवी पण ती चालवायची नाही, त्यांच्यासाठी कोकण रेल्वेने मालट्रकांसाठी १९९९ पासून चालवलेली रो-रो, म्हणजे वाहन रेल्वेवर चढवून नेण्याची, सेवा २०२५ च्या गणेशोत्सवात कोलाड ते वेर्णा या मार्गावर खासगी मोटारींसाठीही चालवून पाहिली. वारंवार महामार्गाने जाणाऱ्यांना १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास सोयीचा आहे. सुरुवातीला ३,००० रुपये भरून वर्षभर किंवा २०० फेऱ्यांपर्यंत तो चालत असे. मात्र हा पास केवळ राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच लागू होतो, त्यामुळे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर टोल वेगळा द्यावा लागतो.

प्रदूषणाचा विचार करणाऱ्यांसाठी उत्तर माणसांच्या संख्येत आहे. एक लिटर पेट्रोल जळाले, की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; चौघांनी भरलेल्या गाडीत तो चौघांत वाटला जातो आणि विमानातील आसनापेक्षा माणशी कमी पडतो, एकट्याने चालवलेल्या गाडीत ही बाजू टिकत नाही. रेल्वे या दोहोंहून सरस आहे.

हजार किलोमीटरपलीकडच्या, मोजक्या दिवसांच्या सहलीला विमान आणि तेथे पोचल्यावर चालकासह भाड्याची गाडी, हीच जोडी बहुतेक कुटुंबांना योग्य ठरेल. अशी गाडी ठरवताना दिवसाचे किमान किलोमीटर किती धरले आहेत, चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग त्यात आहे की वेगळे, हे आधी लिहून घ्यावे, आणि गाडीची पाटी पिवळी व अक्षरे काळी आहेत का, हे पाहावे; स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात, आणि पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे. याबरोबर आणखी एक गोष्ट विचारायला हवी. पुष्कळ हॉटेलांत चालकांसाठी खोली नसते, आणि दिवसभर घाटात गाडी चालवलेला माणूस रात्री गाडीतच आसन मागे करून झोपतो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच माणसाच्या हाती सगळे कुटुंब असते. हॉटेलची खोली नोंदवतानाच चालकाच्या झोपण्याची आणि अंघोळीची सोय आहे का, हे वाचकांनी विचारावे, आणि ती नसेल तर थोडे पैसे घालून जवळपास ती करून द्यावी.