एका शब्दाची कुळकथा

कचेरीत पैसे खर्च झाले की हिशेबनीस त्या खर्चाचे ‘व्हाउचर’ मागतो. खर्च खरोखरच झाला, याची साक्ष देणारा कागद म्हणजे व्हाउचर. हा इंग्रजी शब्द मराठीत चांगलाच रुळला आहे. परंतु ज्या क्रियापदापासून तो बनला, त्या ‘व्हाउच’ या शब्दाची ओळख पुष्कळांना नसते. एखादी गोष्ट खरी आहे, किंवा एखादी व्यक्ती विश्वासास पात्र आहे, असे स्वतःच्या माहितीच्या बळावर सांगणे, म्हणजे ‘व्हाउच’ करणे.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तेथे ‘वोकारे’ म्हणजे हाक मारणे, बोलावणे. लॅटिनमधून तो जुन्या फ्रेंच भाषेत उतरला. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. पुढे तेथील न्यायालयांत फ्रेंच भाषेचा अंमल सुरू झाला आणि तिच्या पाठोपाठ हा शब्दही इंग्रजीत आला.

हाक मारण्याचा आणि हमी देण्याचा संबंध काय? त्याचे उत्तर इंग्लंडच्या जुन्या न्यायालयांत सापडते. समजा, एका मनुष्याने जमीन विकत घेतली. काही काळाने तिसराच कोणी उभा राहिला आणि ‘ही जमीन माझी आहे’ असा दावा त्याने लावला. विकणाऱ्याने मालकीची हमी दिलेली असली, तर घेणारा त्याला न्यायालयात बोलावून घेई. या बोलावण्यालाच ‘व्हाउच’ म्हणत. आलेल्या हमीदाराला दावा लढवावा लागे. आणि तो हरला, तर तेवढ्याच मोलाची दुसरी जमीन त्याला द्यावी लागे. हळूहळू शब्दाचा अर्थ पालटला. हमीदाराला बोलावणे हा अर्थ मागे पडला आणि स्वतः हमीदार म्हणून उभे राहणे हा अर्थ रूढ झाला.

पुढे या चांगल्या रीतीला विपरीत वळण लागले. काही जमिनी केवळ वारसांकडेच जाव्यात, अशा अटीने बांधलेल्या असत. ती अट मोडण्यासाठी लुटुपुटीचा दावा लावण्यात येई आणि न्यायालयात पुकारा करणाऱ्या शिपायालाच हमीदार म्हणून उभे करण्यात येई. त्याच्यापाशी देण्यासाठी जमीनच नसे. तरीही ‘वारसांची भरपाई हा करील’ असे न्यायालय मानीत असे! ही पोकळ हमी सर्वांना ठाऊक असूनही शेकडो वर्षे चालली. अखेर १८३३ मध्ये कायदा करून ती बंद करण्यात आली.

‘गॅरंटी’ आणि ‘व्हाउच’ यांत एक सूक्ष्म भेद आहे. घड्याळाचा कारखानदार गॅरंटी देतो, तेव्हा घड्याळ बिघडल्यास ते दुरुस्त करून देण्याचे तो कबूल करतो. ‘व्हाउच’ करणारा मात्र ‘हे मला स्वतःला माहीत आहे’ असे सांगतो. या क्रियापदापुढे बहुधा ‘फॉर’ हे अव्यय येते. ‘आय कॅन व्हाउच फॉर हिज ऑनेस्टी’, म्हणजे ‘त्याच्या प्रामाणिकपणाची ग्वाही मी देऊ शकतो’. ब्रिटनमध्ये पारपत्राच्या काही अर्जांवर अर्जदाराची ओळख पटवणाऱ्याची सही लागते. तो अर्जदाराला निदान २ वर्षे ओळखणारा असावा आणि त्याचा नातेवाईक नसावा, असा तेथील नियम आहे. अनोळखी माणसाची ग्वाही कोण मानणार?

‘ग्वाही’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत ‘गवाह’ म्हणजे साक्षीदार. परंतु ‘व्हाउच’चा सख्खा नातलग मराठीत वेगळाच आहे. लॅटिन ‘वोकारे’ आणि संस्कृत ‘वच्’ हे दोन्ही धातू एकाच प्राचीन मुळापासून निघाले, असे भाषाशास्त्र सांगते. त्या ‘वच्’पासून ‘वचन’ हा शब्द झाला. म्हणजे इंग्रजी ‘व्हाउच’ आणि मराठी ‘वचन’ हे एकाच कुळातले! दोघांचेही मोल बोलणाऱ्यावर अवलंबून असते. जो जाणून बोलतो आणि बोलल्याप्रमाणे वागतो, त्याच्याच शब्दाला किंमत येते. एरवी तो त्या शिपायाच्या हमीसारखा पोकळ ठरतो.