आखाजीला सगळे घरी येतात, मग आजीला सुट्टी कधी?



हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आखाजी तोंडावर आलेली असेल. पितरांच्या नावाने घागर भरायची, सांजोऱ्या करायच्या, आमरस-पुरणपोळी करायची, निंबाला झोके बांधायचे आणि लेकींची वाट पाहायची. शाळांना सुट्ट्या लागल्या की नाशिक, पुणे, सुरतकडे गेलेली मुलं-नातवंडंही येतात. दोन महिने घर भरलेलं असतं.

आपल्या गटांमध्ये पंचेचाळीस-पन्नाशीतच आजी झालेल्या कितीतरी जणी आहेत. म्हणून हा लेख तुमच्यासाठी आहे, आणि माहेरी जाणाऱ्या लेकींनीही तो वाचावा. सांगायचं एवढंच की, सुट्टी सगळ्यांची असते, पण आजीचं काम आणि खर्च दोन्ही वाढतात, आणि तेही भर उन्हात. आधी थोडी आखणी केली तर हा उन्हाळा तिलाही सुखाचा जाईल.

आजीचा दिवस मोजून पाहा

पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवायचा, ऊन चढायच्या आत कुरडया घालायच्या. मग ज्वारीचे बिबडे, शेवया, पापड. मधेच दहा माणसांचा स्वयंपाक, भांडी, धुणं. पाणी दोन दिवसाआड येत असेल तर भरून ठेवायची धावपळ. दुपारी वाळवण राखायचं, शेळ्यांना पाणी दाखवायचं, नातवंडांची भांडणं सोडवायची. रात्री सगळे अंगणात गप्पा मारत बसतात, तेव्हा आजी उद्याची डाळ भिजत घालत असते.

हे सगळं ती हौसेने करते, खरं आहे. पण हौस आहे म्हणून गुडघे दुखायचे थांबत नाहीत. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या उन्हाळ्यातल्या एका दिवसाची कामं सांगा आणि कोणतं काम दुसरं कोणी करू शकतं ते ठरवा. दळण आणणं, पाणी भरणं, दूध आणणं ही कामं मुलगा आणि जावई करू शकतात. जावयाचा मान ठेवायचा म्हणजे त्याने हंडा उचलायचा नाही, असं कुठे लिहिलंय? दहा वर्षांची नात माठ भरेल, नातू शेळ्या बांधेल. वाळवण एकटीने न करता गल्लीतल्या चार-पाच जणींनी आळीपाळीने एकमेकींच्या घरी केलं, तर काम लवकर उरकतं आणि गप्पाही होतात.

मोठ्या नातवंडांकडून एक काम जरूर करून घ्या. बँकेचं पासबुक वाचणं, मोबाईलवर आलेला मेसेज समजून घेणं, सही गिरवणं हे त्यांच्याकडून शिका. फक्त पिन आणि ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, लाडक्या नातवालाही नाही.

खर्चाचा हिशोब आधी मांडा

पाहुण्यांचा खर्च एकदम दिसत नाही, तो रोज थोडा थोडा होतो. उदाहरण म्हणून बघा. घरी पाच माणसं जास्त आली आणि रोज एक लिटर दूध वाढलं. दुधाचा भाव ६० रुपये धरला तर २० दिवसांचे १,२०० रुपये झाले. त्यात तेल, साखर, गूळ, आंबे आणि गॅस मिळवा. शेवटी लेकीची ओटी, साडी, जावयाचे कपडे, नातवंडांच्या हातावर पैसे. मग आजी गटाकडे किंवा बाहेर कर्जाला जाते.

समजा ५,००० रुपयांचं कर्ज घेतलं आणि महिन्याला ५०० रुपये मुद्दल देऊन १० महिन्यांत फेडलं. गटाचं व्याज महिना २ टक्के असेल तर एकूण व्याज ५५० रुपये होतं. तेच पैसे बाहेरून महिना ५ टक्क्यांनी घेतले तर व्याज होतं १,३७५ रुपये. आणि तेच ५०० रुपये आखाजी झाल्यापासून दर महिन्याला बाजूला टाकले, तर पुढच्या आखाजीच्या आधीच ५,००० जमतात आणि व्याज शून्य. ५०० जमत नसतील तर २०० टाका, १० महिन्यांत २,००० होतील. ही रक्कम गटाच्या नेहमीच्या बचतीत मिसळू नका. तिची नोंद वेगळी ठेवा.

लेकींनाही एक विनंती. आईने साडी नेसवली नाही म्हणून माहेर तुटत नाही. "आई, औंदा साडी नको" हे तुम्हीच म्हटलंत तर तिच्या डोक्यावरचा भार उतरेल. येताना घरात लागणारं चार किलो काही घेऊन आलात तर अजून चांगलं. देण्याघेण्याची मर्यादा सगळ्या गटाने मिळून ठरवली, तर "अमकीने दिलं, तमकीने नाही" हा प्रश्नच राहत नाही.

ऊन आजीला आधी लागतं

आपल्या जळगाव-धुळ्याच्या बाजूला मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो. वय वाढलं की तहान कमी जाणवते, घामही कमी येतो. त्यामुळे अंग तापत जातं आणि कळत नाही. म्हणून तहान लागायची वाट न बघता थोड्या थोड्या वेळाने पाणी, ताक, पन्हं घ्या. वारंवार चहा पिणं म्हणजे पाणी पिणं नव्हे. बीपी किंवा साखरेची गोळी चालू असेल तर मीठ-साखर किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. दुपारी १२ ते ४ वाळवण उन्हात राहू द्या, तुम्ही सावलीत बसा.

जुलाब झाले तर आशाताईंकडून ओआरएसची पुडी घ्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडं थोडं पाजा. प्रमाण चुकवू नका, जास्त मिठाने अपाय होतो.

अंग चटका लागेल इतकं गरम झालं, माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध गेली, तर तो उष्माघात समजा. कांदा फोडून लावण्यात वेळ घालवू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ नंबरला फोन करा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

शहरातून आलेल्या नातवंडांची काळजी

शहरातल्या मुलांना विहीर आणि शेततळ्याची पारख नसते. शेततळ्यातला प्लास्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. ज्यांच्या शेतात तळं आहे त्यांनी कुंपण घालावं आणि काठावर घट्ट बांधलेले, गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवावेत. मूल पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेले दुसरेही जातात. दोर, साडी किंवा बांबू टाका आणि आरडाओरडा करून माणसं बोलवा. मुलं आली की पहिल्याच दिवशी सांगा, मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाण्याकडे जायचं नाही.

दुसरी भीती विंचवाची आणि सापाची. मुलांना जमिनीवर न झोपवता खाटेवर, मच्छरदाणीत झोपवा. सरपण किंवा विटा उचलताना आधी काठीने हलवा. विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम आला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर जिवाला धोका असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीने विंचूदंशाचे रुग्ण वाचवता येतात हे दाखवून दिलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. उपचार आहे, पण वेळेत पोचायला हवं. साप चावला तर चिरा मारू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता सरळ दवाखान्यात न्या.

एक सहल आजीच्या मनाची

नातवंडं फिरून जातात, आजी मात्र घर राखत बसते. या वर्षी एक दिवस ठरवा, ठिकाण आजीने सांगायचं. मुक्ताईनगरला मुक्ताईचं दर्शन, एरंडोलजवळचं पद्मालय, यावल तालुक्यातली मनुदेवी ही जवळची ठिकाणं आहेत. वणीच्या सप्तशृंगी गडावर पायऱ्या चढवत नसतील तर आता वर जायला ट्रॉली आहे.

एसटीच्या सवलती लक्षात ठेवा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध तिकीट आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्या आजोबांनाही अर्ध तिकीट लागतं. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्ध, ५ वर्षांखाली काहीच नाही. या सवलती राज्याच्या हद्दीतच चालतात, आणि वयाची सवलत घेणाऱ्यांनी आधार कार्ड जवळ ठेवावं.

समजा पूर्ण तिकीट १०० रुपये आहे. ७६ वर्षांचे आजोबा, ६८ वर्षांची आजी, लेक, ८ वर्षांचा नातू आणि ४ वर्षांची नात निघाले. आजीचे ५०, लेकीचे ५०, नातवाचे ५०, बाकी दोघांचे शून्य. पाच माणसं १५० रुपयांत जातात. सकाळच्या पहिल्या गाडीने निघा, भाकरी-चटणी आणि पाणी सोबत घ्या, उन्हाच्या आधी पोचा. त्या दिवशीचा स्वयंपाक घरी राहणाऱ्यांनी करायचा.

पुढच्या बैठकीत हे ठरवा

१. आखाजीची वेगळी बचत महिन्याला किती करायची.
२. देण्याघेण्याची मर्यादा किती.
३. वाळवण कोणी कोणासोबत आणि कोणत्या दिवशी करायचं.
४. गावातल्या कोणत्या विहिरीला आणि तळ्याला कुंपण नाही. ग्रामसंघाने ही यादी ग्रामसभेत मांडायची.
५. प्रत्येक आजीची सहल कुठे आणि कधी.

पाचही गोष्टी इतिवृत्तात लिहा. पाचव्या मुद्द्यापुढे आजीचं नाव आणि तारीख टाका, नाहीतर "बघू पुढच्या वर्षी" म्हणत ती सहल राहूनच जाते. जूनच्या बैठकीला येईन तेव्हा मी सगळ्यात आधी तेच पान उघडणार आहे.