वाळूखालची वीज

भर उन्हाळ्यात मुंबईची कमाल वीजमागणी 4,000 मेगावॉटच्या आसपास जाते. दुबईची वस्ती मुंबईच्या जेमतेम एक तृतीयांश. तरी तिथली उन्हाळी मागणी 10,000 मेगावॉटच्या पुढे असते. त्यातला मोठा वाटा एसीचा. बाहेर पारा 45 अंशांवर असताना एखाद्या इमारतीची वीज काही तास गेली, तर प्रश्न नुसत्या गैरसोयीचा राहत नाही. आजारी माणसे, म्हातारी माणसे, तान्ही बाळे यांच्या जिवाशीच गाठ असते. ही जबाबदारी पेलणारी संस्था म्हणजे दुबई इलेक्ट्रिसिटी अँड वॉटर अथॉरिटी. करामा किंवा बर दुबईसारख्या वस्त्यांतल्या घराघरांत तिला 'दीवा' म्हणतात.

शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांनी 1959 मध्ये दुबईची वीज कंपनी आणि पाणी विभाग सुरू केला. त्याच वर्षी आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला होता आणि दुबईचा बाजार त्याच रुपयावर चाले. 1 जानेवारी 1992 रोजी वीज आणि पाणी ही दोन्ही खाती एकत्र करून आजची संस्था झाली. 2022 मध्ये तिचे शेअर बाजारात आले, पण मालकी मुख्यत्वे सरकारचीच राहिली.

नव्या भाडेकरूची तिच्याशी पहिली गाठ पडते ती अनामतीच्या निमित्ताने: फ्लॅटसाठी 2,000 दिरहॅम, व्हिलासाठी 4,000. मग दर महिन्याचे बिल. वापर वाढला की हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे टप्पे चढत जातात आणि युनिटचा दरही चढतो. पाण्याचा आकार आणि महापालिकेची घरभाड्यावरची फी त्याच बिलात येते.

बिलामागची व्यवस्था मात्र डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या केंद्रांतून 400 आणि 132 किलोव्होल्टवर आलेली वीज उपकेंद्रांत 11 किलोव्होल्टवर उतरते आणि शहरात बहुतेक सगळीकडे जमिनीखालच्या केबलमधून फिरते. वाळवंटात केबल पुरणे सोपे वाटते. तसे ते नाही. कोरडी वाळू उष्णता नीट वाहून नेत नाही, म्हणून केबल तापते आणि तिची क्षमता घटते. त्यासाठी केबलभोवती उष्णता वाहून नेणारा खास भराव घालावा लागतो. उघड्यावरच्या तारांना वेगळाच त्रास. समुद्रावरून येणारा खारा दमटपणा आणि धूळ इन्सुलेटरवर थर धरतात. ते वेळेवर धुतले नाहीत, तर पहाटेच्या दवात ठिणगी उडून लाइन ट्रिप होते.

11 किलोव्होल्टच्या केबल कड्यांच्या रूपात जोडलेल्या असतात. गावाला वळसा घालणारा रस्ता एका बाजूने बंद पडला तर दुसऱ्या बाजूने घरी पोचता येते, तसेच हे. पूर्वी बिघाड झाला की कर्मचारी गाडी घेऊन कड्यावरच्या एकेका स्विचपेटीपाशी (रिंग मेन युनिट) जात, खराब तुकडा शोधून वेगळा करत आणि मग उरलेल्यांची वीज जोडत. आता बिघाड कुठे आहे हे यंत्रणेलाच कळते. ती तेवढा तुकडा आपोआप तोडते आणि बाकीच्यांना दुसऱ्या बाजूने वीज देते. केबलची दुरुस्ती नंतर सावकाश होते.

त्याचा हिशेब आकड्यांत दिसतो. वर्षभरात सरासरी एका ग्राहकाची वीज किती मिनिटे गेली, हे ही संस्था जाहीर करते. 2012 मध्ये तो आकडा 6.88 मिनिटे होता. 2024 मध्ये 0.94 मिनिटे, म्हणजे वर्षात मिनिटभरही नाही. वहनातली आणि वितरणातली गळती संस्थेच्या आकड्यांनुसार 2 टक्क्यांच्या आसपास आहे. जुने मीटर जाऊन सगळीकडे स्मार्ट मीटर आले आहेत. घरात नळ गळत असला, तर पाण्याचा वापर नेहमीपेक्षा वाढल्याचा इशारा ग्राहकाला मिळतो.

विजेसारखेच घरोघर पोचणारे गॅसचे जाळे पाहायचे तर शेजारच्या शारजाला जावे. दुबईत अनेक घरांत सिलिंडर किंवा इमारतीच्या सामाईक टाकीतला एलपीजी असतो. शारजात वीज, पाणी आणि गॅस एकाच प्राधिकरणाकडे आहेत आणि मुंबईत महानगर गॅसची असते तशी पाइपलाइन घरोघर जाते. या अमिरातीत 1980 मध्ये सजा येथे नैसर्गिक वायूचे मोठे क्षेत्र सापडले. 2020 मध्ये महानी येथे आणखी एक. जाळ्यात गॅसचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवत तो शेगडीला झेपेल इतका कमी करतात. मूळचा वास नसलेल्या या वायूत उग्र वासाचे रसायन मिसळतात. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने गळला तर वर जाऊन विरतो. एलपीजी जड, तो खाली साचतो. दाट वस्तीच्या शहरात पाइपलाइनचे खरे मोल या फरकात आहे.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. 16 एप्रिल 2024 च्या विक्रमी पावसात तळघरांत पाणी शिरले आणि दुबई, शारजातल्या अनेक इमारतींची वीज गेली. रस्त्याखालचे जाळे कितीही भक्कम असले, तरी इमारतीची विद्युत खोली खोलगट जागी असेल तर शेवटची कडी तिथेच तुटते. पाऊस क्वचितच पडतो म्हणून त्याचा विचार टाळता येत नाही.

महाराष्ट्राशी तुलना जपूनच करावी. दुबई हे श्रीमंत, आटोपशीर शहर. महावितरणला सह्याद्रीच्या पावसात, गडचिरोलीच्या जंगलात आणि लाखो शेतीपंपांपर्यंत वीज न्यायची असते. गळती दोन आकडी असण्यामागे ही लांबच लांब लाइनही आहे. सगळ्या तारा जमिनीखाली घालणे आपल्याला परवडणार नाही, आणि स्मार्ट मीटर लोकांचा विश्वास मिळवल्याखेरीज बसवूही नयेत.

एक गोष्ट मात्र पैशाअभावी अडत नाही: गेलेल्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवणे आणि तो ग्राहकाला कळेल अशा भाषेत समोर मांडणे. आपल्याकडे किती मेगावॉटचा नवा प्रकल्प आला याची बातमी होते. आपल्या भागाला वीज देणाऱ्या फीडरवर वर्षात किती तास वीज नव्हती, याची होत नाही. पुढचे बिल हातात आले की हा प्रश्न आपल्या वीज कार्यालयात लेखी विचारा. उत्तर मागणारे ग्राहक वाढतील, तेव्हाच वितरणाकडे निर्मितीइतके लक्ष जाईल.