देखणा एक्स-रे आणि तुटलेला स्क्रू

ताडावरून पडलेला माणूस पायांवर किंवा बुडावर आपटतो, तेव्हा धक्का कण्यातून वर जातो. छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात त्या सांध्याला तो सर्वांत जास्त बसतो. तिथला मणका चेपतोच, शिवाय चहूबाजूंनी फुटतो आणि मागचा तुकडा मज्जारज्जूच्या वाटेत घुसतो. तेलंगणातल्या ताडी काढणाऱ्या गौड मंडळींना ही दुखापत चांगलीच ठाऊक आहे. झाडावरून पडण्याचे अपघात टाळण्यासाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये त्यांना सुरक्षा संच वाटायला सुरुवात केली. हैदराबादच्या निम्स, उस्मानिया, गांधी अशा सरकारी दवाखान्यांत असे रुग्ण खेड्यापाड्यांतून येतात.

पायांत ताकद आहे, लघवीवर ताबा आहे आणि कणा फारसा वाकलेला नाही, अशा रुग्णाला बऱ्याचदा पट्ट्यावरही भागतं. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ४७ रुग्णांच्या अभ्यासात अशांना ऑपरेशनचा ठळक फायदा दिसला नव्हता.

ऑपरेशन ठरलंच, तर फुटलेल्या मणक्याच्या वर-खाली स्क्रू आणि दोन रॉड टाकून कणा सरळ करतात. दुसऱ्या दिवशीचा एक्स-रे पाहून घरचे सुखावतात. पण खरी मेख तिथेच आहे. दबलेला मणका उचलला की उंची परत येते, आत मात्र हाड नसतं, पोकळी असते. उठता-बसताना येणारा भार मग सगळा धातूवर. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच हा स्क्रू काही महिन्यांनी तुटू शकतो.

कोणाचा तुटेल याचा अंदाज बांधता येतो. मॅकॉर्मॅक, कॅरायकोविच आणि गेन्स यांनी १९९४ मध्ये त्यासाठी गुणपद्धत दिली: मणक्याचा किती भुगा झाला, तुकडे किती पांगले, बाक किती सरळ करावा लागला. एकूण ९ पैकी ७ किंवा जास्त गुण असतील, तर नुसत्या मागच्या आखूड जोडणीवर विसंबू नये. समोरून आधार द्यावा, असं त्यांचं म्हणणं. हल्ली जोडणी लांबवतात किंवा फुटक्या मणक्यातही स्क्रू घालतात.

नातेवाईक मात्र विचारतात, ‘स्क्रू इम्पोर्टेड होता ना?’ हाड जुळलंच नाही, तर भारीतला स्क्रूही थकतो. उलट हाड जुळल्यावर तुटलेला स्क्रू, दुखत नसेल आणि बाक वाढत नसेल, तर सर्जन बहुधा तसाच राहू देतात.