इंदूरच्या होळकरांची ड्युसेनबर्ग : एका दुर्मीळ अमेरिकन मोटारगाडीचा इतिहास आणि जंगम वारशाचा प्रश्न

प्रस्तावना

मराठी संस्थानांचा इतिहास आजवर प्रामुख्याने लढाया, तह, वंशावळी आणि प्रशासकीय सुधारणा यांच्या आधारे लिहिला गेला आहे. संस्थानिकांनी वापरलेल्या वस्तूंचा उल्लेख झालाच, तर तो बहुधा त्यांच्या विलासाचे उदाहरण म्हणून होतो. वस्तुतः एखादी वस्तू कोठे तयार झाली, कोणत्या तंत्राने झाली, तिची किंमत कोणी व कशी मोजली आणि ती शेवटी कोणाच्या हाती गेली, या प्रश्नांच्या उत्तरांतून त्या काळाची अर्थव्यवस्था, अभिरुची आणि सत्तासंबंध यांवर प्रकाश पडतो. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (द्वितीय) यांच्यासाठी १९३५ च्या सुमारास सिद्ध झालेली ड्युसेनबर्ग ही अमेरिकन मोटारगाडी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. ही गाडी दुर्मीळ कशी ठरली, तिच्यात तीन देशांचे कर्तृत्व कसे एकत्र आले आणि अशा वस्तूंच्या जतनाचा प्रश्न अद्याप का सुटलेला नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ड्युसेनबर्ग बंधू आणि त्यांचा कारखाना

फ्रेडरिक (जन्म १८७६) आणि ऑगस्ट (जन्म १८७९) हे ड्युसेनबर्ग बंधू मूळचे जर्मनीतील लिपे या प्रदेशातील. १८८० च्या दशकात त्यांचे कुटुंब अमेरिकेतील आयोवा राज्यात स्थायिक झाले. सायकलींच्या निर्मितीपासून त्यांच्या यांत्रिक कारकिर्दीचा आरंभ झाला आणि पुढे ते शर्यतीच्या मोटारींकडे वळले. १९२१ मध्ये फ्रान्समधील ल मां येथे झालेली फ्रेंच ग्रां प्री शर्यत जिमी मर्फी या चालकाने ड्युसेनबर्ग गाडी चालवून जिंकली. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील ५०० मैलांच्या शर्यतीत १९२४, १९२५ व १९२७ या वर्षी ड्युसेनबर्ग गाड्या विजयी ठरल्या. एका ओळीत आठ सिलिंडर असलेले इंजिन आणि चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक ही वैशिष्ट्ये त्यांच्या 'मॉडेल ए' या गाडीत १९२० च्या दशकाच्या आरंभीच आली होती.

तंत्रज्ञानात आघाडीवर असलेला हा कारखाना व्यवहारात मात्र मागे पडला. १९२६ मध्ये एरेट लोबन कॉर्ड या उद्योजकाने तो विकत घेतला आणि खर्चाचा विचार न करता जगातील सर्वोत्तम गाडी तयार करण्याचे काम फ्रेडरिक ड्युसेनबर्ग यांच्याकडे सोपविले. १ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात 'मॉडेल जे' ही गाडी लोकांसमोर आली.

'मॉडेल जे'चे तांत्रिक स्वरूप

या गाडीचे इंजिन सुमारे ६.९ लिटर क्षमतेचे असून त्यात एका ओळीत आठ सिलिंडर होते. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा होत्या आणि त्या उघडण्या-मिटण्यासाठी इंजिनाच्या माथ्यावर दोन कॅमशाफ्ट बसविलेले होते. झडपा अधिक असल्या की हवा व इंधन यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये लवकर शिरते आणि जळलेला वायू लवकर बाहेर पडतो. त्यामुळे इंजिन अधिक वेगाने फिरू शकते व शक्ती वाढते. शर्यतीच्या गाड्यांत वापरली जाणारी ही रचना रस्त्यावरील प्रवासी गाडीत आणणे हे ड्युसेनबर्ग यांचे मोठे योगदान होय. या इंजिनाची शक्ती २६५ अश्वशक्ती असल्याचे कंपनीने जाहीर केले. त्याच काळातील फोर्ड 'मॉडेल ए' या सर्वसामान्य गाडीची शक्ती ४० अश्वशक्ती होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक स्पष्ट होतो.

१९३२ मध्ये या इंजिनाला सुपरचार्जर जोडून 'एसजे' हा प्रकार तयार करण्यात आला. सुपरचार्जर हा वेगाने फिरणारा पंखा असून तो हवा दाबून सिलिंडरमध्ये पाठवितो. हवा अधिक मिळाली की इंधनही अधिक जाळता येते. या योजनेमुळे शक्ती ३२० अश्वशक्तीपर्यंत गेली. त्याच वर्षी 'एसजे' गाडीला झालेल्या अपघातानंतर फ्रेडरिक ड्युसेनबर्ग यांचे निधन झाले. १९३५ मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिल या मिठाच्या सपाट प्रदेशात एब जेंकिन्स या चालकाने खास तयार केलेली ड्युसेनबर्ग सलग २४ तास चालविली आणि ताशी १३५.४७ मैल, म्हणजे सुमारे २१८ किलोमीटर, असा सरासरी वेग नोंदविला.

दुर्मीळतेची कारणे

आज 'मर्यादित आवृत्ती' असे म्हटले की उत्पादकाने विक्री वाढविण्यासाठी संख्या मुद्दाम कमी ठेवली, असा अर्थ घेतला जातो. ड्युसेनबर्गच्या बाबतीत तसे घडले नाही. कंपनीने आरंभी ५०० गाड्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. परंतु गाडी बाजारात आल्यानंतर वर्षभराच्या आतच, ऑक्टोबर १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि जागतिक महामंदीला आरंभ झाला. १९३७ मध्ये कारखाना बंद पडेपर्यंत 'जे' मालिकेतील जवळपास ४८० गाड्याच तयार झाल्या. त्यांपैकी मूळ कारखान्यातूनच सुपरचार्जरसह बाहेर पडलेल्या 'एसजे' गाड्यांची संख्या ३६ च्या आसपास मानली जाते. त्यांतही आखूड चासीवर बांधलेल्या 'एसएसजे' या प्रकारच्या केवळ दोनच गाड्या झाल्या. त्या गॅरी कूपर व क्लार्क गेबल या चित्रपट अभिनेत्यांनी वापरल्या. ज्या दुर्मीळतेमुळे आज या गाड्यांना अफाट मूल्य आले, ती मुळात मंदीत अडकलेल्या एका व्यवसायाच्या अपयशातून निर्माण झाली होती.

किमतीचा विचारही आवश्यक आहे. आरंभी केवळ चासीची, म्हणजे इंजिनासह सांगाड्याची, किंमत ८,५०० डॉलर होती. पुढे ती ९,५०० डॉलर झाली. रुपयाचा दर १९२७ पासून १ शिलिंग ६ पेन्स असा निश्चित होता. त्या दराने हिशेब केल्यास १९३५ च्या सुमारास ही रक्कम सुमारे २६ हजार रुपये होते. वाहतूक, जकात आणि गाडीची कायाबांधणी यांचा खर्च यात धरलेला नाही. फोर्ड 'मॉडेल ए' अमेरिकेत साधारणपणे ५०० डॉलरच्या आसपास मिळे.

चासी अमेरिकेची, काया इंग्लंडची

त्या काळी उंची गाड्यांचे कारखाने बहुधा चासी विकत असत. वरची काया ग्राहकाच्या पसंतीनुसार स्वतंत्र कारागिरांकडून बांधून घेतली जाई. घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांचीच ही परंपरा मोटारयुगात चालू राहिली होती. अमेरिकेत मर्फी, रोलस्टन, डर्हम, जडकिन्स इत्यादी संस्थांनी ड्युसेनबर्गच्या चासींवर काया बांधल्या. त्यामुळे एकाच प्रकारची चासी असूनही दोन गाड्या क्वचितच एकसारख्या दिसत.

यशवंतराव होळकर यांच्या 'एसजे' गाडीची काया लंडनमधील चेल्सी येथील गर्नी नटिंग या संस्थेने बांधली. तिचे रेखाटन त्या संस्थेचे प्रमुख आरेखक ए. एफ. मॅकनील यांचे होते. उपलब्ध दोन चासींपैकी लांब चासी सामान्यतः प्रशस्त, अनेक आसनी गाड्यांसाठी वापरली जाई. येथे मात्र तिच्यावर केवळ दोन आसनांची वेगवान, उघडी गाडी उभारण्यात आली. परिणामी इंजिनावरील लांब झाकण आणि मागे उतरत जाणारा निमुळता भाग यांमुळे तिला एक वेगळीच प्रमाणबद्धता लाभली. केशरी व काळा हे तिचे रंग. इंजिन अमेरिकन, कारागिरी इंग्रजी आणि निवड एका मराठी राजाची, असा हा संयोग होता.

त्याच काळात सर्वसामान्य अमेरिकन गाड्या भारतात अपरिचित राहिलेल्या नव्हत्या. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे सुटे भाग जोडून गाड्या तयार करण्याचा कारखाना सुरू केला होता. त्यामुळे डॉक्टर, वकील व व्यापारी यांच्या दारांत अमेरिकन गाडी दिसू लागली होती. होळकरांची ड्युसेनबर्ग ही या ओळखीच्या अमेरिकन गाडीपेक्षा सर्वस्वी वेगळ्या स्तरावरची होती.

होळकर संस्थान आणि आधुनिकतेची ओढ

नीरा नदीकाठच्या होळ या गावावरून आडनाव घेतलेल्या या घराण्याची सत्ता मल्हाररावांनी माळव्यात स्थापिली. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकर ब्रिटिशांचे मांडलिक झाले. १९२५ मध्ये मुंबईत घडलेल्या बावला खून प्रकरणानंतर तुकोजीराव (तृतीय) यांनी १९२६ मध्ये गादीचा त्याग केला आणि १९०८ मध्ये जन्मलेले यशवंतराव किशोरवयातच गादीवर आले. त्यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. १९३० मध्ये त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले.

ड्युसेनबर्गची निवड हा त्यांच्या अभिरुचीतील एकाकी प्रकार नव्हता. १९३० ते १९३३ या काळात त्यांनी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून इंदूर येथे माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. रुलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए यांसारख्या नामवंतांचे फर्निचर तेथे आले. ब्रांकुसी या शिल्पकाराच्या शिल्पांचेही ते ग्राहक होते. जुन्या राजचिन्हांऐवजी यंत्रयुगातील स्वच्छ, वेगवान रेषांतून राजेपण व्यक्त करावे, अशी ही दृष्टी होती. परराष्ट्र व्यवहार व लष्कर यांबाबत ज्याला स्वातंत्र्य नव्हते, अशा तरुण राजाला आधुनिक म्हणून जगासमोर उभे राहण्याचे जे थोडे मार्ग मोकळे होते, त्यांत हा एक मार्ग होता, असे म्हणता येईल.

तथापि या सौंदर्यदृष्टीचे कौतुक करताना तिच्यामागील पैशाचा विसर पडता कामा नये. संस्थानाचे उत्पन्न मुख्यतः रयतेच्या करांतून येई. मंदीमुळे शेतमालाचे भाव घसरलेल्या दशकातच ही खरेदी झाली. दुसरीकडे, त्याच दशकात इंदूरच्या पाणीपुरवठ्यासाठी गंभीर नदीवर यशवंत सागर हे धरणही उभे राहिले. एकाच राजवटीच्या या दोन खर्चांची नोंद शेजारी शेजारी ठेवूनच तिचे मूल्यमापन करणे उचित ठरेल.

वस्तूंची पांगापांग आणि कायद्याची मर्यादा

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारत या संघात विलीन झाले. १९६१ मध्ये यशवंतरावांचे निधन झाले आणि १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. माणिकबागेतील फर्निचरचा मोठा भाग १९८० मध्ये मोनाको येथे लिलावात विकला गेला. राजवाड्याची वास्तू केंद्र सरकारच्या कर विभागाच्या कार्यालयाकडे आली. ड्युसेनबर्ग गाडी पुढे अमेरिकेतील खासगी संग्रहात गेली. गॅरी कूपर यांच्या 'एसएसजे' गाडीला २०१८ मध्ये लिलावात २.२ कोटी डॉलर मिळाले. यावरून ड्युसेनबर्ग हे नाव आज कोणत्या किमतीला पोहोचले आहे, याची कल्पना येते.

या ठिकाणी कायद्याची व्याख्या महत्त्वाची ठरते. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार सामान्यतः किमान १०० वर्षे जुनी वस्तूच पुरावशेष ठरते. १९३० च्या दशकातील फर्निचर किंवा मोटार या व्याख्येत बसत नाही. 'व्हिंटेज' या शब्दाचा अर्थही सर्वत्र एक नाही. इंग्लंडमधील व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३० अखेरपर्यंतच्याच गाड्यांना व्हिंटेज मानतो, तर अमेरिकेत होळकरांच्या गाडीसारख्या गाड्या 'क्लासिक' या वर्गात मोडतात. भारतात २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपातील वाहनांसाठी 'व्हीए' या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. हे स्वागतार्ह पाऊल असले तरी त्यातून वाहनाची ओळख निश्चित होते. त्या वाहनाशी निगडित बिले, पत्रव्यवहार, दुरुस्तीच्या नोंदी व चालक-कारागिरांच्या आठवणी यांच्या जतनाची तरतूद त्यातून होत नाही.

रत्नागिरीकरांना हा प्रश्न परका वाटू नये. ब्रह्मदेशाचे पदच्युत राजे थिबा यांच्यासाठी १९१० मध्ये बांधलेला राजवाडा रत्नागिरीत आजही उभा आहे. परंतु निर्वासित राजाने आपल्याबरोबर आणलेले जडजवाहीर त्याच्या हयातीतच विक्रीस निघाले. वास्तू जागची हलत नाही, म्हणून ती टिकण्याची शक्यता तरी असते. जंगम वस्तू मात्र मालकाच्या परिस्थितीनुसार गावोगावी आणि देशोदेशी जातात, आणि त्यांच्यासोबत त्यांचा संदर्भही जातो.

समारोप

अमेरिकेत इंडियाना राज्यातील ऑबर्न येथे कॉर्ड यांच्या उद्योगसमूहातील जुन्या कार्यालयाच्या इमारतीत १९७४ पासून ऑबर्न, कॉर्ड व ड्युसेनबर्ग गाड्यांचे संग्रहालय आहे. कारखाना बुडाला तरी त्या गावाने त्याची स्मृती सांभाळली. होळकरांच्या गाडीची अमेरिकन व इंग्रजी बाजू अशा रीतीने नोंदली गेली आहे. तिची मराठी बाजू मात्र परदेशी सूचिपत्रांत 'इंदूरचे महाराज' या दोन शब्दांपुरती उरते. ही बाजू लिहावयाची तर गाडी परत आणण्याची आवश्यकता नाही. संस्थानी दप्तरे, खर्चाच्या वह्या व समकालीन वृत्तपत्रे यांचा शोध घेणे पुरेसे आहे. या कामी इतिहास, अर्थशास्त्र, यंत्रशास्त्र आणि कला या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येण्यास वाव आहे, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचा आरंभ आपापल्या जिल्ह्यातील जुन्या घरांत व वाहनशाळांत शिल्लक असलेल्या कागदांपासून करता येईल. वस्तू हातची गेली तरी तिची नोंद ठेवणे शक्य असते. नोंदही गेली की त्या वस्तूवर आपला काही संबंध सांगण्यास आधार उरत नाही.